दुखणं थांबलं, म्हणजे बरं झालं का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला आरोग्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे औषध सांगणार नाही, अनुभव सांगणार आहे. आपल्या गच्चीवरच्या संध्याकाळच्या बैठकीत हल्ली राजकारणापेक्षा कंबर आणि पायात जाणारी कळ यांचीच चर्चा जास्त असते. मग कुणाच्या तरी खिशातून साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली निघते. "घेऊन तर बघा, साइड इफेक्ट काही नाही!" तशी बाटली सात वर्षांपूर्वी माझ्याही खिशात होती.

तेव्हा श्रावण होता. आपली लिफ्ट चार दिवस बंद होती (आत्ताच्या कमिटीने मनावर घेऊ नये) आणि मी पिण्याच्या पाण्याचा जार उचलून तिसऱ्या मजल्यावर नेला. ही म्हणत होती, "अहो, वॉचमनला सांगा की." ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना वाकलो आणि डाव्या कुल्ल्यापासून मांडी, पोटरी आणि थेट अंगठ्यापर्यंत विजेची तार ओढल्यासारखी कळ गेली. खोकलो तरी कळ, शिंकलो तरी कळ. रात्री झोप नाही.

सायटिका हा आजार नाही, ते लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. सायटिक नर्व्ह ही आपल्या शरीरातली सगळ्यात जाड आणि लांब नस. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या पाच मुळांची मिळून ती बनते आणि कुल्ल्यातून पायात उतरते. दोन मणक्यांमधली गादी सरकून एखाद्या मुळावर दाबली, की दुखणं कमरेत कमी आणि पायात जास्त जाणवतं. आपल्या वयात मणक्यातली जागा अरुंद झाल्यानेही तसं होतं. त्यात चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं.

मी एका होमिओपॅथिक डॉक्टरांकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पाऊण तास विचारलं. दाबलं की बरं वाटतं का? शेकाने? पाय पोटाशी घेतला तर? बसून उठताना पहिली चार पावलं जड जातात का? दुखण्याबरोबर बधिरपणा येतो का? त्यांच्या पद्धतीत या उत्तरांवरून औषध ठरतं. दाबून आणि पाय मुडपून बरं वाटणाऱ्याला कोलोसिंथ, शेकाने बरं वाटणाऱ्याला मॅग फॉस, दमट हवेत जास्त आणि चालत राहिल्यावर कमी दुखणाऱ्याला ऱ्हस टॉक्स, कळ आणि बधिरपणा आलटून पालटून असेल तर नॅफेलियम. मला आधी कोणी एवढं विचारलंच नव्हतं. अर्धं दुखणं तिथेच कमी झाल्यासारखं वाटलं. निघताना त्यांनी बजावलं, "काका, पंधरा दिवसांनी नक्की या. मला पाय तपासायचा आहे."

मी गेलो नाही. चूक माझी. कारण पंधरा दिवसांत दुखणं खरंच कमी होत होतं. बाटली संपली तशी दुकानातून त्याच नावाची दुसरी आणली. दीड महिन्यात कळ जवळजवळ थांबली. मी गच्चीवर व्याख्यानं द्यायला लागलो. इथे बसलेल्या किमान तिघांना मी त्या गोळ्या घ्यायला लावल्या आहेत. हसू नका, नावं सांगेन!

मग एक दिवस गेटमधून आत येताना वॉचमनने हाक मारली, "काका, तुमची चप्पल मागंच ऱ्हायली." बघतो तर डाव्या पायातली चप्पल चार पावलं मागे पडलेली. मला पत्ताच नाही. घरी आल्यावर ही म्हणाली, "आठवडाभर बघतेय, तुमचा पाय फरशीवर फटफट वाजतो." तेव्हा कुठे मी त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी नाही बघितली, औषध नाही काढलं. म्हणाल्या, "काका, टाचांवर चार पावलं चालून दाखवा." उजवा चवडा वर राहिला, डावा खाली पडला. त्यांनी त्याच क्षणी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "हे माझ्या गोळ्यांचं काम नाही. आजच मणक्याच्या सर्जनकडे जा."

एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी नसेच्या मुळावर बसली होती. सर्जन जे बोलले ते आजही कानात आहे: "तुमचं दुखणं नस बरी झाली म्हणून थांबलेलं नाही. नस काम करेनाशी झाली म्हणून थांबलं आहे." दोन दिवसांत ऑपरेशन झालं. पाय बराचसा परत आला, पूर्ण नाही. डावा अंगठा अजूनही मनासारखा उचलत नाही. ही काठी शोभेची नाही.

मंडळी, आता हिशोबाचं बोलतो. खात्यात पैसे जमा झाले की ते कोणाच्या चेकचे हे बघावं लागतं. आवडत्या माणसाच्या नावावर टाकून चालत नाही. दुखणं कमी झालं तेव्हा मी सगळं क्रेडिट गोळ्यांना दिलं. वास्तविक गादी सरकून झालेला सायटिका बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतो. सरकलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, काहींना थांबवून गरज पडली तरच केलं. लवकर केलेल्यांचं दुखणं आधी गेलं, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. मात्र ज्यांच्या पायातली ताकदच गेली आहे, अशांना त्यात घेतलंच नव्हतं. वाट बघण्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही, हे महत्त्वाचं.

होमिओपॅथीबद्दल मला राग नाही. हानेमान यांनी ती काढली तेव्हा युरोपात रोग्याचं रक्त काढणं हाच मोठा उपचार होता. त्या मानाने ही पद्धत सौम्य. पण '३०' पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा पातळ करणं. एकावर साठ शून्यं! बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एक रेणू उरण्याची शक्यता संपत येते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात मिळाला नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ऑडिट एकतर्फी होईल. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबॅलिन नावाची गोळी सर्रास देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातच झालेल्या अभ्यासात सायटिकासाठी तिचा उपयोग नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. आपल्या वयात चक्कर म्हणजे पडणं, आणि पडणं म्हणजे खुब्याचं हाड. मधुमेहाने किंवा नागिणीनंतर राहिलेल्या दुखण्यात तीच गोळी उपयोगी पडते. म्हणून शेजाऱ्याची गोळी, कुठल्याही पॅथीची, घेऊ नका आणि चालू असलेली एकदम बंदही करू नका. पाय नुसते बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी मंडळींनी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. हे कमी पडलं असेल तर भरून काढता येतं.

आता फक्त एवढं लक्षात ठेवा. आठवड्यातून एकदा घरी भिंतीचा आधार घेऊन चार पावलं टाचांवर आणि चार चवड्यांवर चाला. एखादा पाय आता जमेनासा झाला, चप्पल निसटू लागली, तर दुखो न दुखो, डॉक्टर गाठा. लघवी अडकली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा बसण्याच्या जागी आणि जांघेत बधिरपणा आला, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता कोणाचंही दार वाजवा आणि हॉस्पिटल गाठा. त्यात तासांचा हिशोब असतो. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, तरी थांबू नका. बाकी बहुतेकांनी अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढं चालत राहावं, हेच खरं औषध.

माझ्या पायाचा दोष पहिल्यांदा पकडला तो एमआरआयने नव्हे, तर आपल्या वॉचमनने. दुसऱ्यांदा आमच्या हिने. पंचवीस वर्षं शेजारी राहण्याचा हा फायदा. एकमेकांना गोळ्या देण्यापेक्षा एकमेकांच्या चालण्याकडे लक्ष ठेवू या. कोणाची चप्पल मागे राहिली तर हाक मारा.