परदेशी इंटर्नशिपला निघण्याआधी
(दौंड येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्यांपैकी काही मुलं-मुली लवकरच काही महिन्यांसाठी परदेशी जाणार आहेत. कुणी आरोग्याच्या कामावर, कुणी पाण्याच्या, कुणी बचतगटांच्या. त्यांच्यासोबत त्यांच्या अम्मी-अब्बांनाही बोलावलं, हे संयोजकांनी बरं केलं. तिथं हलाल मिळेल का, मुलगी एकटी कुठं राहील, पैसे कोण देणार, हे घरातले प्रश्न आहेत. त्यांना मागासलेले समजू नका. सगळ्यात आधी तेच विचारायचे असतात.

पैशांचंच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिपसुद्धा बिनपगारी असते. 2015 मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा तरुण जिनिव्हात अशी इंटर्नशिप करताना, खोलीचं भाडं परवडत नाही असं सांगत, तंबूत राहत होता. त्याची ही गत, तर रेल्वेत गँगमन असलेल्या बापाच्या मुलीनं काय करायचं? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना होती. ती इंटर्नशिपसाठी नव्हती, पण बाहेर जाण्याची एक वाट तरी होती. 2022-23 पासून तीही बंद झाली. म्हणून निवडीचं पत्र आलं की पेढे वाटण्याआधी मानधन किती, राहण्याची सोय कुणाची, विमा आणि परतीचं तिकीट कुणाचं, हे लेखी मागा. मागण्यात लाज कसली? काम तुम्ही करणार आहात.

मी नैरोबीत सहा महिने होते. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून गेलेली आपली मुलं जुलैत स्वेटर शोधत फिरतात. तिथं स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळच्या सातला ‘सा मोजा’ म्हणजे एक वाजला म्हणतात, नवाला तीन. गावातल्या बाईनं बैठकीची वेळ तीन सांगितली की सकाळी नवाला हजर राहायचं. भाषा मात्र आपल्याला सोपी जाते. दुकानाला ‘दुका’, पुस्तकाला ‘किताबू’, वेळेला ‘वकाती’, खुशालीला ‘हबारी’. आपल्या दखनी बोलणाऱ्या आजीला यातलं निम्मं न शिकवता कळलं असतं. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी, खायचं हातानंच. भाकरीवर वाढलेल्या माणसाला चार दिवसांत जमतं.

जड जातं ते वेगळंच. नैरोबी हेही आपल्या दौंडसारखं रेल्वेचं गाव, 1899 मध्ये रेल्वेच्या तळाभोवती वसलेलं. ती रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. पण आज तिथल्या माणसाच्या डोळ्यासमोर भारतीय म्हणजे दुकानाचा, कारखान्याचा मालक येतो. इथं ‘तुम्ही मराठी कसे?’ हा प्रश्न ऐकत वाढलेली मी, तिथं एकदम ‘बॉस’ झाले. मोलकरीण माझ्यासमोर बसेना. तिच्या लेखी मी कुठल्या रांगेत उभी आहे, हे समजून घेण्यात माझे दोन महिने गेले. अहवाल कसा लिहायचा ते शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

तुम्ही पहिले निघालात असंही नाही. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं ते राहिलं. त्या तिथं ख्रिस्ती झाल्या, तरी शाकाहार सोडला नाही. आश्रय देणाऱ्या सिस्टरशी त्यांनी पत्रांतून मुद्द्यावर वाद घातला. 1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथं बालवाडीचं शिक्षण घेतलं. ते शिक्षण आणि अमेरिकेत जमवलेला निधी इथल्या मुलींच्या कामी आला. आनंदीबाई मात्र थंडी, खाण्याचे हाल आणि क्षय घेऊन परतल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या. बावीस वर्षांच्याही नव्हत्या. लोक त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात. मला वाटतं, कुणीतरी त्यांना वेळेवर जाडजूड गरम कपडे घालायला लावायला हवे होते. दुखलं-खुपलं की लगेच सांगा. ‘घरचे घाबरतील, परत बोलावतील’ म्हणून मुली लपवतात. अम्मी-अब्बांनो, आजार कळवला म्हणून परत बोलावणार नाही, एवढा शब्द त्यांना आजच द्या.

तिसऱ्या आठवड्यात रडू येतं. मुलांनाही येतं, ती सांगत नाहीत. मगरिबच्या वेळी घर फार आठवतं. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं आहे. फोनची एक वेळ ठरवा, दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल नको. ईदला तिथल्या कुणाच्या तरी घरी जा, बोलावतात.

आणि केनियाला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिचं प्रमाणपत्र पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा, बॅगेत टाकू नका. परत उतरल्यावर विमानतळावर ते दाखवावं लागतं.