मेंदूचे दुखणे आणि आपला हक्क

मजुराचा हात तुटला तर आम्ही युनियनवाले भरपाईसाठी भांडतो. पण त्याचे मन बिघडले की वेडा म्हणून आम्हीच त्याला दूर सारत आलो. ही आमची चूक. मेंदू हाही हातासारखा अवयवच. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा वेडावरील गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पीन आणि भास निर्माण करणारे एल.एस.डी. यांच्या अभ्यासातून मेंदूतील सिरोटोनिनचे मोल कळू लागले. आता खिन्नतेच्या रोगावर भूछत्रातील सायलोसायबिन तपासले जात आहे. ते घरी घ्यायचे औषध नव्हे; आपल्याकडे त्यावर कायद्याने बंदी आहे. पण उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे. रेणुकामातेला नवस खुशाल बोला. मात्र दवाखान्याची पायरीही चढा!