लघवीची गोळी मनाने बंद करू नका

आमच्या वॉर्डात एक मावशी आल्या होत्या. पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागायची. हृदयाच्या बाकी गोळ्या चालू होत्या, लघवीची तेवढी बंद केलेली. का? "रात्री तीनदा उठावं लागतं. अंधारात बाहेर जायची भीती वाटते."

भीती खरी आहे. पण त्या गोळी रात्री घेत होत्या. फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि सहा-आठ तासांत तिचा जोर ओसरतो. सकाळी घेतली की रात्र मोकळी. तुमची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा, लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी. लगेच दवाखाना गाठा. काटा नसेल तर नडगीवर बोट दाबा. खळगा राहिला तर सूज आहे. पायात गोळे, चक्कर, जुलाब-उलट्या झाल्या तरी दाखवा. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. त्यानेही पाणी साठतं.

गोळीचा त्रास होतो? आम्हाला सांगा. बंद मात्र करू नका.