जंतूंचेही वाण असतात

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बागायती कपाशीचे वाण हलक्या कोरडवाहू रानात लावले तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आज आम्ही एवढेच सांगायला उभे आहोत, की डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचेही तसेच आहे.

दूध विरजते, आंबील आंबते, मुरघास टिकतो, ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जंतूंमुळे. काम एक, पण स्वभाव वेगळे. बल्गेरियातल्या दह्यात १९०५ साली लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस सापडला. पिढ्यान् पिढ्या दुधात आयते खाऊन त्याची कितीतरी जनुके निकामी झाली. २००६ साली त्याची जनुकीय मांडणी वाचली, तेव्हा ती सुमारे १९ लाख अक्षरांचीच निघाली. याउलट लॅक्टोबॅसिलस प्लांटारम. तो पाल्यावर, लोणच्यात, मुरघासात, माणसाच्या आतड्यातही जगतो. २००३ साली त्याच्या एका वाणाची मांडणी वाचली, ती ३३ लाखांची. तऱ्हेतऱ्हेच्या साखरा पचवायची हत्यारे त्याच्याजवळ आहेत. त्यातही एका वाणाजवळ असलेले हत्यार दुसऱ्याजवळ असेलच असे नाही.

याचा आपल्या दावणीशी संबंध काय? ज्वारीच्या ताटावर असे जंतू मुळातच असतात, पण थोडे. त्यांना रस हवा आणि हवा बंद हवी. म्हणून दाणा चिकातून हुरड्याकडे जाताना ज्वारी कापा. कोवळी कापू नका, किराळ लागायची भीती असते. बारीक कुट्टी करा, माती लागू देऊ नका, तुडवून हवा काढा, वरून कागद घट्ट झाका आणि दीड महिना उघडू नका. माती किंवा फार पाणी राहिले तर सडवणारे जंतू शिरजोर होतात. हवा राहिली तर बुरशी येते. खड्डा नासला तर दुष्काळातला चारा उकिरड्यावर जातो.

बाजारात मुरघासासाठी जंतूंच्या पुड्या मिळतात. घ्यायची तर विचारा: जंतू कोणता? चाऱ्यासाठीचाच आहे ना? ग्रॅमला जिवंत किती? मुदत कधीपर्यंत? दुधात रमणारा वाण ताटावर चालेलच असे नाही. आणि खड्डाच नीट भरला नसेल, तर कोणतीही पुडी तो वाचवणार नाही.

बियाणे घेताना आपण रान पाहतो. जंतू घेतानाही त्याचे रान कोणते, ते पाहा.