गांधीलमाशीची ओळखपरेड
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरील भाषण)



टाकीखाली गांधीलमाशीचं पोळं दिसलं की आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. लावावाच, तिथे मुलं खेळतात. पण या माशीचा एक गुण ऐकून घ्या.

अमेरिकेत पोलिस्टिस फस्केटस नावाची गांधीलमाशी आहे. तिच्या अनेक राण्या मिळून एकच पोळं सुरू करतात. म्हणजे भांडण आलंच! आधी झुंजून थोरली कोण, धाकटी कोण ते ठरतं. अंडी कोणी घालायची, भक्ष्य आणायला कोणी जायचं, सगळं त्या क्रमावर. एकदा ठरलं की रोज नव्याने झुंजायला नको. मात्र समोरची नेमकी कोण, हे कळायला हवं. या जातीत प्रत्येकीच्या तोंडावरच्या पिवळ्या-तांबूस-काळ्या खुणा वेगळ्या असतात.

एलिझाबेथ टिबेट्स या संशोधक बाईंनी काही माश्यांच्या खुणा रंगाने बदलल्या. पोळ्यातल्याच मैत्रिणी त्यांच्यावर धावून गेल्या! हळूहळू नवा चेहरा ओळखीचा झाला आणि मारामारी ओसरली. बाई पक्क्या हिशेबी. रंगाचाच राग आला असेल, अशी शंका नको म्हणून काही माश्यांना खुणा न बदलता नुसता रंग लावला होता. त्यांना तेवढा मार बसला नाही. हा शोध २००२ साली प्रसिद्ध झाला. आम्ही बँकेत स्पेसिमेन कार्डावरची सही ताडून बघायचो, तसाच हा प्रकार.

पुढे २०११ साली मायकेल शीहान आणि टिबेट्स यांनी माश्यांची परीक्षाच घेतली. दोन चित्रांपैकी एकापाशी सुरक्षित जागा, बाकी विजेचा सौम्य झटका. चेहऱ्यांची चित्रं त्या चटकन शिकल्या. सुरवंट हे त्यांचं भक्ष्य, पण सुरवंटांच्या चित्रांत तेवढी गती नाही. चेहऱ्यावरच्या मिशा काढून टाकल्या तरी गोंधळ! पोलिस्टिस मेट्रिकस ही त्यांची चुलत बहीण, तिची राणी बहुधा एकटीच संसार मांडते. ती चेहऱ्यांत कच्ची निघाली. गरजच नाही, तर शिकायचं कशाला?

आपल्या देशातल्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर बंगळूरच्या राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर काम केलं. ती वासावरून आपल्या पोळ्यातली कोण आणि परकी कोण, एवढं ओळखते.

आपल्या गेटवरची नवी सिस्टीम मला या वासासारखी वाटते. आतला की बाहेरचा, एवढंच तिला कळतं. जुने वॉचमन मामा चेहऱ्याने ओळखायचे. कोणाच्या आई एकट्या बाहेर पडल्या तर वरती कळवायचे. आता एजन्सीचा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. निदान वर्षभर तोच माणूस ठेवावा, हा विषय मी पुढच्या वार्षिक सभेसाठी लेखी दिला आहे. सेक्रेटरी साहेबांनी तो अजेंड्यावर घ्यावा.