काश्मीरात बर्फ, चोपड्यात चरका

आकाशवाणीच्या जळगाव केंद्राने मला ‘थंडीची लाट आणि आपलं रोजचं जीवन’ हा विषय दिला आहे. मी चोपड्याचा. वर्गात शेतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आणि घरची केळी आहे. तेव्हा बोलणं फिरून फिरून केळीच्या बागेत गेलं तर समजून घ्या.

खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, रस्ते ओस पडतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उन्हाची तयारीही आपण नीट करतो. माठ भरतो, रुमाल बांधतो, दुपारची कामं सकाळी उरकतो. थंडीची तयारी मात्र आपल्याकडे होत नाही. थंडी आली की कपाटातून स्वेटर काढायचा, बांधावर शेकोटी पेटवायची, भरताची पार्टी करायची, आणि झालं. बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी थंडीत खावी हे मलाही मान्य आहे. पण त्याच थंडीत, त्याच शेतात, चार पावलांवर केळीचं काय होतंय, ते पाहायला कोणी उठत नाही.

पहिली गोष्ट, ही थंडी येते कुठून? डिसेंबर-जानेवारीत तुम्ही बातम्यांत ऐकता, काश्मीरात बर्फवृष्टी, श्रीनगरचा महामार्ग बंद, हिमाचलात पर्यटक अडकले. आपण ती बातमी ऐकतो आणि सोडून देतो. ती सोडू नका. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिमालयात येऊन बर्फ टाकतात. ते पूर्वेकडे सरकले की मागून आकाश मोकळं होतं आणि उत्तरेची कोरडी, गार हवा खाली निघते. राजस्थान, मग माळवा, मग सातपुडा, आणि मग आपण. काश्मीरात बर्फ पडला की पुढच्या दोन-चार दिवसांत तापीकाठी गारठा वाढण्याची शक्यता धरून चालावं. हिमालयातल्या बर्फाची बातमी ही आपल्या शेतकऱ्याला मिळालेली आगाऊ सूचना आहे.

काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्या दिवसांची तयारी ते पानगळीतच करतात. भाज्या कापून, दोऱ्यात ओवून, वाळवून ठेवतात. सरपण रचून ठेवतात. बर्फ दारात साचतो, डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तिथे कोणी गाफील राहत नाही. आपल्याकडची थंडी दिसत नाही. रात्री झोपताना बाग हिरवीगार असते, सकाळी उठल्यावरही हिरवीच दिसते, आणि चार-आठ दिवसांनी पानांच्या कडा करपलेल्या दिसतात. तोवर वेळ गेलेली असते. आपल्याही केळीला सर्वांत जास्त त्रास त्याच चाळीस दिवसांत होतो, हे ध्यानात ठेवा.

आता चोपड्याचंच का बोलतो? आपण सातपुड्याच्या पायथ्याशी आहोत. गार हवा जड असते. रात्री ती डोंगराच्या उतारावरून खाली घरंगळत येते आणि सखल जागेत साचते. म्हणून एकाच गावात उंचवट्यावरची बाग वाचते आणि नाल्याकाठची बाग धरली जाते. जुन्या माणसांना आपल्या शिवारातली गारठ्याची जागा माहीत असायची. तुम्हीही ती ओळखून ठेवा. मोटारसायकलवरून रात्री येताना जिथे अंगाला एकदम गार लागतं, तीच ती जागा. तिथे थर्मामीटर लागत नाही.

आणि आकाश. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ढग असले की दिवसाची ऊब जमिनीजवळ टिकते. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की ती ऊब रात्रभर वर निघून जाते. चांदण्या लखलखीत दिसल्या की आपल्याला छान वाटतं, पण केळीवाल्याने त्या रात्री सावध राहावं. सगळ्यांत कमी तापमान असतं पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला. संध्याकाळी नाही, मध्यरात्रीही नाही, पहाटे. हे वाक्य मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

२०१८ चा डिसेंबर आठवतो का? महिनाअखेरीला निफाडचा पारा २ अंशांच्या खाली गेला होता. धुळे-जळगाव गारठलं होतं. आपल्याच सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब परिसरात गवतावरचे दवबिंदू गोठून पांढरे झाले होते. बर्फ आपल्यापासून फार दूर आहे असं समजू नका.

आता केळीकडे येतो. केळी हे उष्ण, दमट प्रदेशातलं झाड. ऊन-पाणी मिळालं की भराभर पानं काढतं. पारा १५-१६ अंशांच्या खाली उतरला की त्याची चाल मंदावते आणि १० अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. हे तुम्ही घरातही पाहिलं आहे. घरातल्या माय-बहिणींना विचारा, केळी फ्रिजमध्ये ठेवली तर काय होतं? साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. कारण १३ अंशांच्या खालची थंडी त्या सालीला सोसत नाही. जे फ्रिजमध्ये फळाला होतं, तेच शेतात झाडावरच्या घडाला होतं. यालाच आपण चरका म्हणतो.

आपल्याकडे दोन बागा. मृगबाग आणि कांदेबाग. जून-जुलैत लावलेली मृगबाग, तिची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, नेमकी थंडीत येते. पोंग्याची, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानाची, जागा थंडीने आवळलेली असते, त्यामुळे घड मोकळा बाहेर पडत नाही, खोडातच अडकतो. बाहेर आला तरी वाकडा, फण्या एकमेकींत दाबलेल्या. जो घड आधीच निसवला, त्याची केळी फुगत नाहीत, कापणी लांबते, सालीची चकाकी जाते, आणि व्यापारी भाव पाडतो. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली कांदेबाग, जी आपल्या चोपड्याची खरी ओळख, ती थंडीत अगदी लहान असते. टिश्यूकल्चरचं कोवळं रोप. त्याची मुळं थंड मातीत अन्न उचलत नाहीत. पानं पिवळी पडतात, आखूड येतात, आणि सकाळच्या दवामुळे करपा रोगाला वाव मिळतो. मग आपण धावतो खताच्या दुकानात. अहो, मुळं उचलतच नसतील तर खत ओतून काय होणार? आधी जमीन उबदार करा.

ती कशी करायची? पाण्याने. पहाटे विहिरीतून वाफा निघताना तुम्ही पाहिल्या असतील. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण २५ अंशांच्या आसपास राहतं. आपल्या अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, ती गोष्ट वेगळी. पण साध्या विहिरीचं, बोअरचं पाणीही थंडीच्या पहाटे हवेपेक्षा खूपच गरम असतं. ते रात्री उशिरा आणि पहाटे बागेला दिलं की मातीला ऊब मिळते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊबही जास्त धरून ठेवते. म्हणून थंडीची बातमी आली की बाग कोरडी ठेवू नका.

इथे एक अडचण मला दिसते आणि ती बोलली पाहिजे. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. थंडीत रात्रीच्या पाळीला शेतकरी विहिरीवर जातो, अंधारात, ओल्या पायांनी, साप-विंचवाची आणि आपल्या पट्ट्यात बिबट्याची भीती घेऊन. केळीला पहाटेचं पाणी द्या असं मी इथे बसून सांगतो, तेव्हा ते देणारा माणूस कसा जातो हेही मला ठाऊक आहे. एकटे जाऊ नका. गमबूट घाला. शेजारच्या दोन-तीन शेतांनी मिळून जा.

दुसरा उपाय शेकोट्यांचा. काडी-कचरा, पऱ्हाट्या, थोडा ओला पाला, वाऱ्याच्या बाजूला बांधावर ठिकठिकाणी पेटवायचा, धूर बागेत पसरेल असा. पण आमचे भाऊ काय करतात? संध्याकाळी सात वाजता पेटवतात, नऊ वाजता घरी जाऊन झोपतात. त्या शेकोटीने माणूस शेकला, बाग नाही शेकली. थंडीची खरी वेळ कोणती? पहाटे. मग शेकोटी केव्हा हवी? पहाटे. गजर लावा आणि उठा. वरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तिथे, गोठ्याजवळ, चाऱ्याच्या गंजीजवळ पेटवू नका.

घडावर स्कर्टिंग बॅग घाला, छिद्रांची असावी. ती नसेल तर वाळलेल्या पानांनी घड झाका. लहान रोपांवर क्रॉप कव्हर येतं, ते आता पुष्कळ जण वापरतात. आणि हिरवी पानं कापण्याची घाई करू नका. पूर्ण वाळलेलं, करपा लागलेलं पान काढा, बाकीचं राहू द्या.

आणि आता माझी आवडती गोष्ट. शेवरी. पूर्वी आपल्या प्रत्येक केळीबागेला शेवरीचं कुंपण असायचं. दाट, उंच, हिरवं. उन्हाळ्यात पश्चिमेची झळ अडवायचं आणि हिवाळ्यात उत्तरेचा वारा. त्याचा पाला गुरांना, लाकूड चुलीला. वारा अडवणारी झाडांची ओळ स्वतःच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. म्हणजे बारा फुटांची शेवरी शंभर-सव्वाशे फूट आतपर्यंत बाग सांभाळते. एवढा स्वस्त उपाय दुसरा कोणता आहे मला सांगा. पण बांधावर एक ओळ केळी जास्त बसते, शेवरीची सावली पडते, ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून शेवरी गेली. आता जुन्या साड्या आणि हिरव्या जाळ्या बांधतात. काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या, पण एका वादळात फाटतात. एका ओळीच्या लोभाने आपण चार ओळींचं नुकसान करून घेतो. शेवरी नको तर गजराज गवत लावा, बांबू लावा. पण उत्तर आणि पश्चिम बाजू उघडी ठेवू नका. मी हे वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि सांगत राहणार.

विम्याचंही बोललं पाहिजे. हवामान आधारित फळपीक विम्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिलं तर केळीला भरपाई लागू होते. तापमान मोजलं जातं महसूल मंडळातल्या केंद्रावर. आता दोन रात्री ६ अंश आणि तिसऱ्या रात्री ९ अंश झाले तर? केळीला चरका बसलेला असतो, पण नियमात तो बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या नियमाचा फेरविचार व्हायला हवा. ‘सलग’ हा शब्द केळीचं झाड जाणत नाही. तोवर आपल्या मंडळातल्या तापमानाची नोंद रोज पाहा आणि वहीत लिहून ठेवा. तक्रार करताना तीच कामाला येते.

केळीत फार वेळ गेला. माणसांचं थोडक्यात सांगतो, पण तेच जास्त महत्त्वाचं आहे. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही. दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी येते. शेगडी पेटवायची तर दार उघडं ठेवा, आणि झोपण्याआधी ती बाहेर काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंधारात फिरायला पाठवू नका, ऊन वर आल्यावर जाऊ द्या. लहान मुलांच्या शाळेची वेळ सकाळी नऊच्या आधी नसावी असं शासनाने २०२४ मध्येच सांगितलं आहे, ते पाळलं जातंय का हे पालकांनी पाहावं. आणि आपल्या शेतात कापूस वेचायला, ऊस तोडायला आलेली माणसं, सातपुड्यातल्या पाड्यांवरची पावरा-बारेला कुटुंबं, झोपडीत, कोपीत झोपतात. लेकरं असतात त्यांच्याबरोबर. आपण केळीच्या रोपाला कव्हर घालतो. त्या लेकरांच्या अंगावर पांघरूण आहे का, हे मालकाने संध्याकाळी एकदा जाऊन पाहिलंच पाहिजे. यात उपकार काही नाही, ती आपली जबाबदारी आहे.

गुरांच्या गोठ्याला उत्तरेकडून बारदानाचा पडदा लावा, खाली कोरडं ठेवा. गव्हाची आणि हरभऱ्याची काळजी करू नका, त्यांना ही थंडी मानवते.

गारपिटीबद्दल बोलायचं राहिलं आणि मला इथे वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट कोणी विसरलेलं नाही. एवढंच सांगतो की आकाश काळं-पांढरं होऊन गडगडायला लागलं की शेतातून घरी या, झाडाखाली थांबू नका. आणि गारपिटीचा वेगळा विमा घेतला असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्या.

जाता जाता पुन्हा शेवरीचं. तिच्या शेंगा थंडीच्या दिवसांत वाळतात. कुणाच्या बांधावर, नाल्याकाठी, एखादी उरलेली शेवरी दिसली तर तिचं बी गोळा करून डब्यात ठेवा आणि येत्या पावसाळ्यात आपल्या बागेच्या उत्तरेच्या बांधावर टाका. बी जास्त झालं तर शेजाऱ्यालाही द्या.