सुईऐवजी गोळी कधी येणार?



देणगी देणारे बरेच जण मला विचारतात, "सिस्टर, मधुमेहावर नॅनो औषध निघालंय म्हणे, ते पाड्यांवर का नेत नाही?" प्रश्न मायेचा आहे, म्हणून सरळ उत्तर देते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केसच ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. इन्सुलिन हे प्रथिन. गिळलं तर डाळीसारखं पोटात पचून जातं. म्हणून १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला दिलं तेव्हापासून सुई आली. आता शास्त्रज्ञ त्याला अतिसूक्ष्म कणांचं वेष्टन घालून आतड्यापर्यंत सुखरूप पोचवू पाहतात. रक्तात साखर वाढली तरच इन्सुलिन सोडतील असेही कण घडवले जात आहेत. पण हे सगळं अजून प्रयोगात आहे. 'नॅनो'च्या नावाने कोणी बाटली विकली, तर तिच्यावर विसंबून कोणाचं इन्सुलिन बंद करू नका. लहान मुलाच्या बाबतीत तर ते जिवावर बेतेल.

मला खरी आशा वाटते ती तपासणीत. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात असं धरून चालते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात. मग साखर चढलेली असूनही कागदावर आकडा छान दिसतो! अशा रुग्णाची साखर बोटातलं रक्त घेऊन थेटच मोजावी लागते, तीही पुन्हा पुन्हा. दंडाला चिकटवायचे सेन्सर दिवसरात्र साखर मोजतात, पण आपल्याला परवडत नाहीत. नॅनो पदार्थ वापरून ते स्वस्त आणि नेमके करण्याची धडपड चालू आहे. ते जमलं तर रांगेत पहिली मी.

तोवर आमचं तंत्रज्ञान म्हणजे मडकं. फ्रीज नाही तिथे चालू बाटली पिशवीत गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवायची, ते मोठ्या मडक्यात, मध्ये ओली वाळू. बर्फावर मात्र नाही. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं.

काही पाठवणार असाल तर साखर तपासायच्या पट्ट्या पाठवा. आधी आमच्याकडे यंत्र कोणतं आहे ते विचारा, कारण एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. आणि डब्यावरची मुदत तेवढी बघून घ्या.